काच फुटते कशी, हे कोण विचारतो?

यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा लसीकरण, स्तनपान किंवा मुलांचा स्थूलपणा यांपैकी कशावर तरी मी लिहीन, अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर मी पूर्वी लिहिले आहे आणि वाचकांनी ते सोसलेही आहे. या वेळी मात्र अशा एका वस्तूविषयी लिहितो आहे, जी आपल्या प्रत्येकाच्या घरात, दवाखान्यात आणि मोटारीत आहे, पण जिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती वस्तू म्हणजे काच.

आरंभी एक कबुली देतो. २०११ च्या उन्हाळ्यात मी देवासच्या माझ्या दवाखान्याचे नूतनीकरण केले. जुने लाकडी दार काढून ॲल्युमिनियमच्या चौकटीत वरपासून खालपर्यंत एकसंध काचेचे दार बसविले. काच पाच मिलिमीटर जाडीची, साधी. कारागिराने ती माझ्यासमोरच हिऱ्याने कापली, कडा घासल्या आणि दुपारपर्यंत दार उभे केले. मी दर विचारला, जाडी विचारली, प्रतीक्षागृहात उजेड किती छान आला याचे कौतुकही केले. ही काच फुटली तर कशी फुटेल, हे मात्र विचारले नाही.

त्यानंतर दोनच महिन्यांनी सहा वर्षांचा एक मुलगा तपासणी आटोपल्याच्या आनंदात, रस्त्यावर उभ्या असलेल्या वडिलांकडे धावत सुटला. मध्ये दार आहे हे त्याला दिसलेच नाही. धावताना पुढे केलेला उजवा हात काचेतून आरपार गेला आणि घाबरून त्याने तो तितक्याच वेगाने मागे ओढला. जखम प्रामुख्याने या मागे ओढण्याने होते, हे शल्यचिकित्सक मित्रांना सांगायला नको. मनगटाच्या वर करंगळीच्या बाजूची धमनी, मज्जातंतू आणि बोटे मिटविणारे दोन स्नायुबंध कापले गेले होते. मी स्वतः जखमेवर घट्ट दाब धरून बसलो आणि तसाच गाडीतून त्याच्याबरोबर इंदूरला गेलो. त्या सुमारे ३५ किलोमीटरच्या प्रवासात त्याची आजी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "डॉक्टरसाहेब, त्याला दार उघडंच वाटलं हो." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती असती तर मला अधिक सोपे गेले असते.

मुलगा बरा झाला. आज तो विशीत आहे. त्याच्या करंगळीची संवेदना अजूनही पूर्ण परतलेली नाही. ते दार मी आठ दिवसांत बदलले, आणि मग इतक्या उशिरा काचेविषयी वाचू लागलो.

आपल्यापैकी अनेकांची घराणी पवारांच्या मागोमाग माळव्यात आली आणि धार-देवासला स्थिरावली. धारच्या आमच्या जुन्या वाड्यात काच होती ती तसबिरींना, दिवाणखान्याच्या वरच्या तावदानांना आणि कंदिलाला. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील आमच्याकडे कितीतरी वर्षे होता. त्याच्या तापलेल्या काचेला ओला हात लावू नये, अशी आजीची सक्त ताकीद असे. पाण्याचा थेंब पडला की काच तडकते, कारण जिथे थेंब पडतो तिथली काच एकाएकी आकसते आणि भोवतालची तापलेलीच राहते. या ताणाला साधी काच टिकत नाही. ही काच लावणारा हात मोठ्या माणसाचा असे आणि ती मुलांच्या उंचीपासून दूर असे, हेही येथे नोंदवून ठेवतो.

गंमत अशी की, हाच ताण हेतुपुरस्सर आणि सर्व बाजूंनी सारखा निर्माण केला, तर काच बळकट होते. सहाशे अंशांहून अधिक तापविलेल्या काचेवर थंड हवेचे झोत सोडतात. पृष्ठभाग आधी गोठतो, गाभा मागाहून आकसतो, आणि बाहेरचा थर कायमचा दाबाखाली राहतो. बाजारात जिला 'टफन' म्हणतात ती हीच. साध्या काचेपेक्षा ती चार ते पाच पट मजबूत असते. पण माझ्या दृष्टीने तिचा खरा गुण मजबुतीचा नाही. ती फुटते तेव्हा सुऱ्यासारखे लांब तुकडे न होता बोथट कडांचे बारीक खडे होतात. त्या मुलाचा हात अशा दारातून गेला असता, तर बहुधा मी खरचटण्यावर मलम लावून त्याला घरी पाठविले असते.

दुसरा प्रकार लॅमिनेटेड काचेचा. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनज्ञाच्या हातून १९०३ साली प्रयोगशाळेतील एक चंबू पडला. तो तडकला, पण विखुरला नाही, कारण आत वाळून गेलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पापुद्र्याने तुकडे धरून ठेवले होते. त्यातून पुढे दोन काचांमध्ये पारदर्शक पापुद्रा चिकटविण्याची युक्ती निघाली. आज त्या जागी पॉलिव्हिनिल ब्युटिरल वापरतात. अशी काच फुटली तरी जागेवरच राहते. आपल्या मोटारीची पुढची काच या जातीची असते, तर बाजूच्या खिडक्या बहुतेक गाड्यांत टफन काचेच्या असतात.

वाचकांनी एक गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी. टफन काच एकदा तयार झाल्यावर कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. माप घेऊन, कापून, भोके पाडून मगच ती भट्टीत जाते. म्हणून जी काच कारागिराने तुमच्यासमोर हिऱ्याने कापली, ती टफन असूच शकत नाही, मग देयकावर काहीही लिहिलेले असो. काचेच्या कोपऱ्यात उमटविलेला शिक्का पाहावा. सुरक्षा काचेसाठी भारतीय मानक २५५३ आहे. त्याचा पहिला भाग इमारतींसाठी आणि दुसरा रस्त्यावरील वाहनांसाठी. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ मध्येही काचेवर स्वतंत्र प्रकरण आहे. नियमांची वाण नाही. ते काचेच्या दुकानापर्यंत आणि आपल्या ठेकेदारापर्यंत पोहोचलेले नाहीत, एवढेच.

ब्रिटनच्या बांधकाम नियमांतील दोन आकडे वाचून मी बालरोगतज्ज्ञ म्हणून थबकलो. दारातील व दारालगतची काच जमिनीपासून दीड मीटरपर्यंत, आणि इतर ठिकाणची काच ८०० मिलिमीटरपर्यंत, ही धोक्याची जागा मानली आहे. आपल्या वाढीच्या तक्त्यावर हे आकडे ठेवून पाहा. ८० सेंटिमीटर म्हणजे नुकतेच पाऊल टाकू लागलेले मूल, आणि दीड मीटर म्हणजे साधारण बारा वर्षांचे. मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते, तोल जाताना ते पुढे येते आणि सावरण्यासाठी हात त्याच्याही पुढे जातात. आपण मात्र दारावर नाव, पदव्या आणि वेळा लिहितो त्या प्रौढाच्या डोळ्यांच्या रेषेत. मुलाच्या उंचीवर कोरी काच! माझ्या दारावर आता दोन पट्टे आहेत, एक वडीलधाऱ्यांसाठी आणि एक खाली, वारली चित्रांचा. त्याखाली एक आडवा दांडाही बसविला आहे. जुनी साधी काच लगेच बदलणे परवडत नसेल, तर तुकडे धरून ठेवणारा पारदर्शक सुरक्षा पापुद्रा चिकटवून घेता येतो. मधल्या काळासाठी तो उपाय वाईट नाही.

जखम झालीच, तर रुतलेला तुकडा उपसू नये. त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबून रक्त थांबवावे. आणि तरुण सहकाऱ्यांसाठी एवढेच, की काच क्ष-किरणात दिसत नाही किंवा शिशाची असेल तरच दिसते, हा गैरसमज आहे. दोन मिलिमीटरहून मोठा तुकडा बहुधा दिसतोच. छायाचित्र काढल्याशिवाय टाके घालू नयेत.

आता थोडे अप्रिय लिहितो. गेल्या काही वर्षांत देवास, धार आणि इंदूरच्या रस्त्यावर नवी रुग्णालये उभी राहिली, त्यांतील काही आपल्याच सभासदांची आहेत. त्यांचे दर्शनी भाग वरपासून खालपर्यंत निळसर काचेचे. माळव्याच्या वैशाखात पश्चिमेकडे काचेची भिंत उभी करायची आणि मग ती थंड ठेवण्यासाठी वातानुकूलन यंत्रे राबवायची, यातले शहाणपण मला उमगलेले नाही. पण खर्चाची गोष्ट सोडा. या भिंतींतील खिडक्या उघडत नाहीत. कोलकात्यातील ढाकुरिया येथील रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ रोजी आग लागली, तेव्हा बंदिस्त इमारतीत धूर कोंडला आणि तो बाहेर सोडण्यासाठी काचा फोडाव्या लागल्या. नव्वदच्या आसपास माणसे गेली, त्यांतील बहुतेक गुदमरून. झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयात १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री नवजात शिशूंच्या विभागाला आग लागली, तेव्हाही खिडक्या फोडून बालके बाहेर काढली गेली. आपल्या नवजात अतिदक्षता विभागाची कोणती खिडकी उघडते आणि उघडत नसेल तर ती कशाने फुटेल, हे रात्रपाळीच्या परिचारिकेला माहीत आहे का? माझ्याकडे २०२४ पर्यंत नव्हते.

वाहनांच्या बाबतीतही हेच. पिथमपूर आपल्याच धार जिल्ह्यात; देशभर मुलांची ने-आण करणारी कितीतरी वाहने तेथेच बनतात. वाहनांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरचा वेगवान मार्गही २०२१ मध्ये तेथे सुरू झाला. आणि तेथून थोड्याच अंतरावर, खिडकीची फुटलेली काच काढून तिच्या जागी घरगुती साधी काच किंवा पुठ्ठा लावलेली शाळेची गाडी मी पाहिली आहे. मान्यताप्राप्त वाहनाची ती एक काच बदलली, की त्या खिडकीपुरती सारी चाचणी फुकट गेली.

आपल्याकडील अनेक कुटुंबांची मुले पुण्याला शिकतात आणि रात्रीच्या शयनयान बसने जातात-येतात. १ जुलै २०२३ च्या पहाटे बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर पुण्याकडे जाणारी अशीच एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. बस दाराच्या बाजूवर कलंडल्यामुळे दार अडले. जे मोजके वाचले, त्यांतील काही काच फोडून बाहेर पडले. म्हणजे दवाखान्याच्या दारात जी काच इजा न करता फुटावी अशी आपली इच्छा असते, ती बसमध्ये वेळेला फुटलीच पाहिजे. माझ्या मुलीला मी सांगून ठेवले आहे की बसमध्ये बसल्यावर आधी हातोडी कुठे आहे ते पाहावे, बाजूच्या काचेच्या मध्यावर नव्हे तर कोपऱ्यावर मारावे, आणि पुढच्या लॅमिनेटेड काचेवर वेळ दवडू नये. ती हसते, पण पाहते.

काळ्या काचांविषयी आपल्या बिरादरीला दोन शब्द ऐकवतोच. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ च्या निकालात मोटारींच्या काचांवर काळा पापुद्रा चिकटविण्यास मनाई केली. पुढे नियमांत काही बदल झाले, तरी पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के प्रकाश पार व्हावा, ही मर्यादा कायम आहे. तरीही डॉक्टरचे लाल चिन्ह लावलेल्या गाड्यांच्या काचा काळ्याकुट्ट दिसतात. पोलीस आपल्याला अडवीत नाहीत म्हणून ते योग्य ठरत नाही. माझा आक्षेप बालरोगतज्ज्ञाचा आहे. उन्हात उभ्या बंद गाडीत झोपलेले मूल बाहेरून दिसत नाही. २००५ साली 'पेडिॲट्रिक्स' या नियतकालिकात आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात, फारशी उष्णता नसलेल्या दिवशीही बंद गाडीतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढले, आणि त्यातील ऐंशी टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर खाली ठेवल्याने विशेष फरक पडला नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा बाहेरच चाळिशी ओलांडतो, आणि मुलाचे शरीर प्रौढापेक्षा कितीतरी लवकर तापते. 'दोन मिनिटांत येतो' असे म्हणून औषधाच्या दुकानासमोर मुलाला गाडीत ठेवणारे पालक मी रोज पाहतो.

काचेतून काय येते आणि काय अडते, याची एक घरगुती बाजूही सांगून टाकतो. बाळाला कोवळे ऊन द्या असे सांगितले, की माळव्यातील आई त्याला बंद खिडकीच्या काचेमागे निजविते. ऊब मिळते, उजेड मिळतो, पण ज्या अतिनील किरणांनी त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते, ते साधी खिडकीची काचसुद्धा जवळजवळ सर्व अडविते. खिडकी उघडावी, किंवा माझ्याकडून थेंब लिहून घ्यावेत.

माझ्या दवाखान्याच्या दोन दारांची काच बदलायला जो खर्च आला, तो प्रतीक्षागृहातील दूरचित्रवाणी संचापेक्षा कमी होता. मापे आणि देयक माझ्याकडे आहेत. स्मरणिका हाती पडल्यानंतरच्या कोणत्याही रविवारी सकाळी, देवास किंवा धारच्या ज्या सभासदाला आपल्या रुग्णालयातील काचा तपासून हव्या असतील, त्यांच्याकडे मी मोजपट्टी घेऊन येईन. दीड मीटरच्या खालची प्रत्येक काच पाहू. चहा मात्र बिनसाखरेचा.