छोट्या जखमेसाठी तालुका कशाला?

सायकलवरून पडलेल्या पोराचा गुडघा साफ करून पट्टी बांधायला एमबीबीएस डॉक्टर लागत नाही. तरी आपण त्याला घेऊन तालुक्याला जातो आणि आईची दिवसाची मजुरी बुडते.

आयुष्मान भारत योजनेतून 2018 पासून गावच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी नेमू लागले, ते यासाठीच. महाराष्ट्रात बीएएमएस, बीयूएमएस किंवा बीएससी नर्सिंग झालेल्यांना सहा महिन्यांचं प्रशिक्षण देऊन तिथे पाठवतात. ताप, जुलाब, किरकोळ जखमा, रक्तदाब आणि साखरेची तपासणी ही त्यांची कामं.

पण यातला अवघड धडा वेगळाच आहे: कोणता रुग्ण आपल्या हातातला नाही, हे वेळीच ओळखून त्याला पुढे पाठवणं. सॉफ्टवेअर सपोर्टमध्येही पहिल्या फळीला हेच जमावं लागतं. तिथे चुकलं तर फार तर सर्व्हर बंद पडतो. इथे माणूस आहे. सहा महिन्यांत ही नजर येत नाही. नेमणुकीनंतरही प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांच्या हाताखाली नियमित सराव मिळाला पाहिजे. ग्रामसभेत रस्ता-गटारासोबत हेही मागा.

माझ्या दोन चुलत बहिणी बीयूएमएस करून घरी बसल्या आहेत. या भरतीबद्दल त्यांना मी गेल्या ईदला सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा कळलं.