मेलेल्या माशांचा हिशेब, जिवंत माशांची साक्ष

आसामातील बागजान येथे ऑइल इंडिया या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीच्या पाच क्रमांकाच्या विहिरीतून २७ मे २०२० रोजी वायू आणि तेलद्रव अनावर उसळू लागला. ९ जूनला विहिरीने पेट घेतला. दोन अग्निशामक कर्मचारी मृत्युमुखी पडले, हजारो ग्रामस्थांना घरे सोडावी लागली आणि आग विझली ती १५ नोव्हेंबरला. जवळच्या मागुरी-मोटापुंग या गोड्या पाण्याच्या सरोवरात मेलेले मासे आढळले. राष्ट्रीय हरित लवादाने कंपनीला २५ कोटी रुपये जमा करण्यास सांगितले. परंतु नुकसानीचा हिशेब मेलेल्या माशांपाशीच थांबतो काय?

कच्च्या तेलातील व अशा तेलद्रवातील बहुचक्रीय हायड्रोकार्बन संयुगे कल्ल्यांवाटे माशाच्या शरीरात शिरतात, पेशीतील एका प्रथिनाला चिकटतात आणि ‘सीवायपी१ए’ हे जनुक कार्यान्वित करतात. त्यामुळे यकृतात तयार होणारे विकर विषाचे विघटन करते. मात्र त्या विघटनातूनच कधी अधिक घातक पदार्थ निर्माण होऊन डीएनएला इजा करतात. अंड्यातील भ्रूणाच्या हृदयाची वाढही या संयुगांमुळे बिघडू शकते. मासा ही संयुगे लवकर बाहेर टाकतो; म्हणून त्याच्या मांसाची तपासणी निर्दोषत्वाचा दाखला देते, तेव्हाही यकृतातील जनुक विरुद्ध साक्ष देत असते.

उद्योग आपल्या खर्चाचा भार समाजाच्या माथी मारतात, हे अर्थशास्त्रज्ञ के. विल्यम कॅप यांनी १९५० साली साधार मांडले. त्यांचा रोख खाजगी उद्योगांवर होता. बागजानची विहीर खाजगी नव्हती, हे आपण समाजवाद्यांनी नजरेआड करता कामा नये. मालकी राष्ट्राची झाली म्हणून कोळ्याच्या जाळ्यात येणारे नुकसान राष्ट्राचे होत नाही. ते त्या कोळ्याचेच राहते.

जनुक कार्यान्वित होणे म्हणजे रोग नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. प्रदूषण थांबल्यावर ही खूण ओसरते, हेही खरे. म्हणूनच ती वेळीच टिपली पाहिजे. विहीर खणण्यापूर्वीच तेथील माशांची नोंद घ्यावी, पुढे ती ठराविक काळाने पुन्हा घ्यावी. खर्च कंपनीने करावा, काम सरकारी विद्यापीठाने करावे आणि निष्कर्ष गावकऱ्यांना त्यांच्या भाषेत मिळावेत. अशी आधीची नोंद नसेल तर पुराव्याचा भार कंपनीवर असावा, कोळ्यावर नव्हे. वस्तुतः सरकारने उलटीच दिशा धरली. जानेवारी २०२० मध्ये तेल व वायूच्या शोध-विहिरींना अशा वर्गात टाकण्यात आले की, ज्यात पर्यावरणीय परिणामांचा अहवाल आणि जनसुनावणी यांची गरजच उरली नाही.

सार्वजनिक क्षेत्राचे समर्थन आपण हयातभर केले. ते यापुढेही करावयाचे असेल, तर त्याच्या हिशेबाच्या वहीत तगून राहिलेल्या माशालाही स्थान मिळाले पाहिजे. ही मागणी आपणच करावयाची आहे. आपण गप्प राहिलो तर विरोधकांना ती करण्याचे कारण नाही.