टायर आणि रिम : जोखीम कुणाच्या माथी?

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘यूएई टूर’ या सायकल शर्यतीत बेल्जियमचा अनुभवी सायकलपटू थॉमस डी गेंट कोसळला. शर्यतीत पडझड नवी नाही. या वेळी मात्र त्याच्या चाकाचा टायर रिमवरून सुटून बाहेर आल्याचे साऱ्या जगाने पडद्यावर पाहिले. चाक दगडावर आदळल्यामुळे असे झाले, असा खुलासा झाला. तरीही व्यावसायिक सायकलपटूंच्या संघटनेचे अध्यक्ष अ‍ॅडम हॅन्सन यांनी ‘हुकलेस’ रिमना उघड विरोध केला आणि जागतिक सायकलिंग महासंघालाही या प्रश्नाची दखल घ्यावी लागली. हा वाद केवळ शर्यतवाल्यांचा नाही. तशीच चाके आता हौशी सायकलस्वारांच्या सायकलींवरही येत आहेत.

टायर रिमवर कसा टिकतो, हे आधी समजून घ्यायला हवे. टायरच्या दोन्ही कडांमध्ये पोलादी तार किंवा अ‍ॅरामिड धाग्यांचा न ताणला जाणारा गोफ असतो. रोड सायकलच्या ‘७०० सी’ चाकात ही कड जिथे टेकते तिथला व्यास ६२२ मिलिमीटर असतो. रिमचा बाहेरचा काठ त्याहून मोठा. मग न ताणणारी कड त्या काठावरून आत जाते कशी? रिमच्या मधोमध खोल पन्हळ असते. कडेचा एक भाग त्या पन्हळीत दाबला की समोरच्या बाजूला थोडी ढील मिळते आणि टायर आत सरकतो. शेवटचा वीतभर भाग बसत नाही म्हणून स्क्रूड्रायव्हर घालणारे ही पन्हळच विसरतात. त्यात ट्यूब फाटते किंवा ट्यूबलेस रिमची हवाबंद पट्टी चिरते.

नेहमीच्या ‘क्लिंचर’ टायरला आत ट्यूब असते आणि रिमच्या काठाला आतल्या बाजूने आकडा असतो. हवा भरली की टायरची कड त्या आकड्यात अडकते. ट्यूबलेस टायरमध्ये कड आणि रिम यांचा घट्ट सांधाच हवा धरून ठेवतो. आत ओतलेले रबरी चिकाचे द्रावण, म्हणजे सीलंट, बारीक छिद्रे बुजवते. बाभळीच्या काट्यांच्या वाटेने जाणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. ट्यूबच नसल्यामुळे खड्ड्यात ती रिमखाली चिमटून फुटण्याचा प्रश्न उरत नाही, त्यामुळे हवा थोडी कमी ठेवता येते. हवा कमी म्हणजे हातांना बसणारे हादरे कमी. तासन्‌तास सायकल चालवल्यावर करंगळी आणि अनामिका बधिर होतात, त्यामागे तळहाताच्या बुडाशी असलेल्या मज्जातंतूवर येणारा दाब आणि हेच हादरे असतात. तेव्हा ट्यूबलेसचे फायदे खरे आहेत.

प्रश्न आहे तो आकडाच काढून टाकलेल्या सरळ भिंतीच्या रिमचा. अशी कार्बन रिम साच्यातून काढणे सोपे आणि स्वस्त पडते, टायर व रिम यांचा सांधा वाऱ्याला सलग मिळतो. पण आकड्याने पेललेला भार आता कडेच्या न ताणण्यावर आणि मापाच्या अचूकपणावर येतो. म्हणून या रिममध्ये हवेला ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआयची कमाल मर्यादा आहे. त्यावर फक्त ट्यूबलेस म्हणून बनवलेलाच टायर चढवायचा. आत ट्यूब घातली तरी साधा क्लिंचर टायर चालत नाही. रुंदीचेही बंधन आहे. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणकानुसार आतून २५ मिलिमीटर रुंद असलेल्या हुकलेस रिमला किमान २९ मिलिमीटरचा टायर हवा. डी गेंटच्या २५ मिलिमीटरच्या रिमवर २८ चा टायर होता.

सगळा खेळ एका मिलिमीटरचा असेल, तर ती सुरक्षितता रस्त्यावरची म्हणता येत नाही. प्रयोगशाळेत टायर नवा असतो, दाब मोजलेला असतो आणि वाटेत खड्डा नसतो. आपल्याकडे हवा भरली जाते ती पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर, काटा किती खरा दाखवतो याची खात्री नसताना. वर्षानुवर्षे शंभर पीएसआय भरणाऱ्या हाताला ‘सत्तरच्या वर नको’ हे कोण सांगणार? एखादा सायकलस्वार आडगावात टायर फाटला म्हणून मिळेल तो साधा टायर घालतो आणि घाट उतरायला लागतो. पुढचा टायर उतारावर सुटला तर सावरायला क्षणही मिळत नाही. गळपट्टीचे हाड मोडते, डोक्याला मार बसतो. ‘नियम पाळले असते तर झाले नसते’ हे उत्पादकांचे म्हणणे कागदावर बरोबर आहे. पण माणसाच्या किरकोळ चुकीला जागा न ठेवणारी रचना करायची आणि चूक झाली की माणसाकडे बोट दाखवायचे, हे सुरक्षिततेचे शास्त्र नव्हे. जुना आकडा अशा चुका बऱ्याच अंशी पोटात घालत असे.

म्हणून काही अपेक्षा रास्त ठरतात. कमाल दाब, किमान टायर-रुंदी आणि ‘फक्त ट्यूबलेस टायर’ ही सूचना रिमवरच ठळक आणि न पुसणाऱ्या अक्षरांत असावी. माहितीपत्रकाच्या तळटीपेत नव्हे. विक्रेत्याने बिलावर रिमची आतली रुंदी आणि टायरचे माप लिहून द्यावे. चाके बदलताना ‘आकडा आहे का?’ हा पहिला प्रश्न ग्राहकाने विचारावा.

बाकीची काळजी साधी आहे. टायर बसवल्यावर रिमलगतची बारीक रेघ दोन्ही बाजूंनी सगळीकडे सारख्या अंतरावर दिसते का, हे चाक फिरवून पाहावे. कुठे आत गेली असेल तर हवा काढून पुन्हा बसवावा. कड जागेवर बसताना ‘फट्’ असा आवाज येतो. तो येत नाही म्हणून मर्यादेपलीकडे हवा भरू नये, आणि त्या वेळी तोंड चाकाजवळ नेऊ नये. सीलंट काही महिन्यांत सुकते, उन्हाळ्यात आणखी लवकर. ते तपासत राहावे.

आणि ज्याला हे सारे सांभाळणे जमत नाही, त्याने आकड्याची रिम आणि ट्यूबचा टायर वापरण्यात काहीही कमीपणा नाही. पंक्चर झाले तर वाटेतला कोणीही ते काढून देतो. रोज कामावर जाणाऱ्याला किंवा रविवारी घाट चढणाऱ्याला वाऱ्यातून वाचणाऱ्या चार सेकंदांपेक्षा टायर जागेवर राहणे अधिक मोलाचे आहे. चाके बनवणाऱ्यांनीही हिशेब तिथूनच सुरू करायला हवा.