टोचणारा आवाज आणि आपलं बिल

दसरा-दिवाळीची विक्री उरकली की आपल्या धंद्यात तक्रारींचा हंगाम सुरू होतो. त्यातली एक तक्रार ठरलेली: "दुकानात छान वाजत होते हो, घरी आवाज टोचतो." गिऱ्हाईक खोटं बोलत नसतं. तबल्याच्या चाटेवरचा 'ना' कानात घुसतो, गाणाऱ्याचा 'स' शिट्टीसारखा येतो, आणि अर्ध्या तासात घरातलं कुणीतरी सेट बंद करायला सांगतं.

आपलं उत्तरही ठरलेलंच. वायर बदलून बघा, डॅक बदलून बघा, नाहीतर "अजून नवे आहेत, शंभरेक तास वाजू द्या." म्हणजे तोवर कानाला सवय होईल!

आधी पाहायला हवी ती जोडणी. ॲम्प्लिफायरकडची वायर सोडवा आणि दीड व्होल्टचा साधा सेल तिच्या टोकांना क्षणभर टेकवा. धन टोक लाल वायरला लागलं की वूफरचा पडदा बाहेर यायला हवा, आणि दोन्ही स्पीकरचा. एकाचा आत गेला तर त्याची लाल-काळी उलटी लागली आहे. अशा वेळी दोन्ही स्पीकरचे खालचे सूर समोरासमोर येऊन एकमेकांना मारतात आणि उरतात ते वरचे. ट्रेबल मुळीच वाढलेला नसतो, त्याच्याखालचा आधार गेलेला असतो. गिऱ्हाइकाला मात्र तो वाढल्यासारखाच वाटतो, आणि आपणही नॉबकडे हात नेतो.

जोडणी बरोबर निघाली तर मग खोली. नव्या इमारतीतला हॉल घ्या: पंधरा बाय अकरा फूट, उंची साडेनऊ, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, वर फॉल्स सीलिंग, एका बाजूला काचेची स्लायडिंग. सीलिंगचं पातळ बोर्ड आणि मोठी काच थरथरून खालचे सूर थोडेफार गिळतात. टाइल वरचे जवळजवळ सगळे परत फेकते. हार्वर्डच्या वॉलेस सॅबाइन यांनी सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणून घुमाऱ्याचं गणित बसवलं, त्याला सव्वाशे वर्षं होऊन गेली. पृष्ठभागांचं सरासरी शोषण पाच टक्के धरून ते गणित या हॉलला लावलं, तर रिकामेपणी घुमारा पावणेदोन सेकंदांच्या वर जातो. गाणं ऐकायला तो अर्ध्या सेकंदाच्या आत हवा.

इथे आपण फोम विकतो. पाऊण-एक इंची, टोकदार, चिकटवायला सोपा. शोषक जिथपर्यंत नीट काम करतो तिथे त्याची जाडी लहरीच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकी भरते. एक इंचाला तो आकडा तीन हजार हर्ट्झच्या वर येतो. त्याच्याखाली आवाज घुमतच राहतो आणि वरची हवा मात्र मरते. गिऱ्हाईक पुन्हा फोन करतं, या वेळी "आवाज दबला" म्हणून. त्यापेक्षा बसायच्या जागेसमोर जाडजूड सतरंजी-गालिचा, काचेवर चुण्यांचा जड पडदा आणि बाजूच्या भिंतीवर दोन इंची रॉकवूलची कापडबंद चौकट, मागे तितकीच पोकळी सोडून. चौकट कुठे लावायची ते आरसा सांगतो: एकाने तो भिंतीवर सरकवत न्यायचा, दुसऱ्याने ऐकायच्या जागी बसायचं, ट्वीटर दिसला तिथे खूण. स्पीकरची तोंडं थेट कानावर रोखलेली असतील तर थोडी बाहेर वळवा. त्याला पैसे पडत नाहीत.

अलीकडे एक नवं दुखणं आलं आहे. मायक्रोफोन लावून, इक्वलायझरने स्क्रीनवरची रेषा सपाट करून देणारे मित्र वाढले आहेत. डेन्मार्कच्या ब्रुएल अँड केअरने १९७४ मध्येच मांडलं होतं की बसायच्या जागेवर ही रेषा वरच्या सुरांकडे हळूहळू उतरती हवी. चांगला स्पीकर खोलीत आपोआप तशी देतो. ती ओढूनताणून सपाट केली की टोचणारच.

हे बहुतेकांना ठाऊक आहे. तरी वायर विकली जाते, कारण आपली कमाई खोक्यावर आहे, वेळेवर नाही. आरसा फिरवायला गेलेला तास बिलात कुठे लिहायचा हे आपण कधी ठरवलंच नाही. एसी दुरुस्त करणारा दारात पाऊल टाकण्याचे पैसे आधी सांगतो आणि कुणाला त्याचं वावगं वाटत नाही. आपणही 'खोली पाहणी' ही ओळ कोटेशनमध्ये, स्पीकरच्या किमतीच्या वर, लिहायला लागावं. पाहणीचा एक पानी तक्ता या अंकासोबत दिला आहे. त्यात मापं, पृष्ठभाग, जोडणीची तपासणी आणि गिऱ्हाइकाची सही, एवढंच आहे.