आपला आवाज आपल्या ताब्यात हवा

परवा आमच्या कार्यालयात घरकाम करणाऱ्या एक मावशी आल्या. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही इंटरनेटवर बायकांच्या अनुभवांची ध्वनिमालिका चालवली होती, तीत त्या बोलल्या होत्या. मालकिणींनी 'येऊ नका' कसं सांगितलं, पगार कसे बुडाले, रेशनच्या रांगेत काय झालं, सगळं. ते त्यांना नातीला ऐकवायचं होतं. मालिका एका मोफत ॲपवर होती. बघतो तर ॲप केव्हाच बंद पडलेलं. मूळ रेकॉर्डिंग जिच्या फोनमध्ये होतं तिने मधल्या काळात फोन बदललेला. मावशी म्हणाल्या, "म्हणजे मी बोललेच नाही म्हणा!"

दोष आमचाच. 'नेटवर आहे ना' म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. नेटवर ऐकतो तो आवाज तुकड्यातुकड्यांनी येतो, वाजतो आणि निघून जातो. ॲपमध्ये 'ऑफलाइन' साठवला तरी बहुतेक वेळा तो ॲपच्याच कुलपात असतो. जागा दुसऱ्याची, नियमही त्याचे. फेसबुकने १९ फेब्रुवारी २०२५ पासून नवी थेट प्रक्षेपणं ३० च दिवस ठेवायचं ठरवलं आणि जुनीही मुदत देऊन काढून टाकणार असं जाहीर केलं. किती संघटनांनी ती वेळेत उतरवून घेतली असतील?

बायकांचं बोलणं आधीच कागदावर कमी येतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांतल्या अनेकींचा आवाज टेपवर घेतला गेला, कुठली ओवी कुणाची, कुठल्या गावची याची नोंद राहिली. म्हणूनच २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या गाणारणींच्या नावानिशी येऊ शकल्या. नुसता आवाज उरला असता तर 'लोकगीत' म्हणून बिननावाचा झाला असता.

काम अवघड नाही, चिकाटीचं आहे. आपल्या खात्यातून मूळ फाइल उतरवता येत असेल तर ती आधी घ्यावी. नसेल तर 'ऑडॅसिटी' या मोफत सॉफ्टवेअरने संगणकावर वाजणारा आवाज तिथेच रेकॉर्ड करता येतो. तासाच्या बैठकीला तासच लागतो, तेवढ्यात भाजी निवडून होते! नव्याने रेकॉर्ड करत असाल तर वेव्ह किंवा फ्लॅक ठेवा. साध्या सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे १० एमबी जागा खाते, फ्लॅक साधारण निम्मी, आणि आवाज जराही कमी होत नाही. एमपी थ्री फार लहान, पण तीत आवाजाचा काही भाग गाळलेला असतो. नंतर तिची वेव्ह केली तरी गेलेलं परत येत नाही, म्हणून ती आहे तशीच जपावी. तीन प्रती कराव्यात, त्यांतली एक कार्यालयाबाहेर, कुणा मैत्रिणीच्या घरी. आणि एक साधी वही: तारीख, ठिकाण, कोण बोललं, भाषा, फाइलचं नाव.

त्या वहीत आम्ही आता आणखी एक रकाना आखला आहे, आणि माझा खरा आग्रह त्याच्यासाठी आहे. मालिका गेल्याचं कळवलं तेव्हा तीत नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोललेली दुसरी एक जण म्हणाली, "बरं झालं गेलं ते." ती आता त्याच घरात नांदते. त्या वेळी तिने होकार दिला होता, पण तो त्या संध्याकाळी ऐकणाऱ्यांपुरता. कायमच्या फाइलसाठी आम्ही तिला विचारलंच नव्हतं. काही कार्यकर्त्या म्हणतात, आधी सगळं साठवू, विचारू नंतर. मला हे पटत नाही. बाईच्या तोंडचं तिच्या मर्जीशिवाय धरून ठेवणं आपण पोलिसांच्या, वकिलांच्या बाबतीत खपवून घेत नाही, मग स्वतःच्या बाबतीत का? ठेवू का, नाव घालू का, कुणी ऐकलेलं चालेल, हे प्रत्येकीला पुन्हा विचारायला हवं. 'नको' म्हणाली तर तिन्ही प्रती पुसायच्या. इतिहासात भोक पडेल, पडू दे.

मावशींना मात्र आपलं बोलणं हवं आहे, नावासकट. त्या वेळी ती मालिका ऐकताना तुमच्यापैकी कुणी फोनवर उतरवून घेतली असेल तर कार्यालयात जरूर कळवा. मंगळवारी दुपारी त्या येतात.