हाकेला ओ

आमचे चिरंजीव डोंगरावर जातात. यात तसं नवल काही नाही. दहिवलीच्या मुलाला डोंगर शोधत जावं लागत नाही. सकाळी दात घासायला अंगणात आलं की तोच समोर उभा असतो. शनिवारी रात्री कर्जतला उतरलेली मुंबईची तरुण मंडळी पाठीवर बोजे बांधून निघालेली दिसली, म्हणजे आमची ही दर वेळी मला विचारते, "अहो, यांना घरी कोणी अंथरूण घालून देत नाही का?" तेव्हा डोंगर चढण्याबद्दल माझी तक्रार नव्हती. वर जाऊन चिरंजीव काय करतात हे कळलं, तेव्हा मात्र मी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

ते वर जाऊन बोलतात.

"कोणाशी?" मी विचारलं.

"जो ऐकेल त्याच्याशी."

"म्हणजे ओळखीचा असतो का कोणी?"

"बहुतेक नाही."

"मग काय बोलता?"

"पाच नऊ, बाबा. म्हणजे तुमचा आवाज स्पष्ट आणि जोरात येतोय."

"आणि तो काय म्हणतो?"

"तोही पाच नऊच म्हणतो. मग त्र्याहत्तर. म्हणजे नमस्कार. संपलं."

चार तासांची चढण, पाठीवर सात-आठ किलोंचं ओझं, आणि बोलणं एवढंच! मी वीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवतो. एका तासात मी जेवढे शब्द खर्च करतो, तेवढे हा मुलगा वर्षभर पुरवील. घरातही त्याचा हिशेब असाच. "कधी येणार?" "रात्री." "जेवणार ना?" "हो." बापाशी बोलताना तर मला वाटतं तो पाच नऊसुद्धा म्हणत नाही.

हा छंद हौशी बिनतारीवाल्यांचा. त्यांना 'हॅम' म्हणतात. सरकारची परीक्षा द्यावी लागते, परवाना मिळाला की 'व्ही यू'पासून सुरू होणारं एक हाकनाव मिळतं, आणि मग बारशाच्या नावाला हवेत फारसं कोणी विचारीत नाही. शिखरावर चढून बोलण्याचा हा पोटप्रकार २००२ साली इंग्लंडात निघाला. त्याला नियम आहेत. यंत्र, बॅटरी, तार, काठी, सगळं आपल्या अंगावर न्यायचं. मोटारीतली वीज चालत नाही, तेलावरचं जनित्र चालत नाही. माथ्यापासून उंचीने २५ मीटरच्या आत ठाण मांडायचं, आणि निदान ४ जणांशी बोलणं झालं तरच त्या डोंगराचे गुण. असे १००० गुण झाले म्हणजे 'माउंटन गोट', म्हणजे पहाडी बकरा, ही पदवी! घरी बसून या बकऱ्यांना ओ देणाऱ्यांनाही गुण असतात, आणि त्यांचे १००० झाले की ते 'शॅक स्लॉथ'. स्लॉथ हे झाडाला उलटं लोंबकळून राहणारं अमेरिकेतलं एक सुस्त जनावर आहे; पण मराठीत त्याच्यासाठी 'घरकोंबडा' हा शब्द तयार आहे. भाषांतराचं इतकं सोपं काम माझ्या वाट्याला क्वचितच आलं असेल.

आमच्या आळीतले घरकोंबडे म्हणजे अण्णा. चिरंजिवांना हा नाद लावला त्यांनीच. अण्णांची हयात तारखात्यात गेली. २०१३च्या जुलैत देशातली तारसेवा बंद झाली, त्या रात्री ते जेवले नाहीत असं त्यांच्या घरी सांगतात. पुढे साठी उलटल्यावर त्यांनी पोरासोरांच्या रांगेत बसून हॅमची परीक्षा दिली. "ते ७३ आहे ना," ते मला बजावतात, "ते या पोरांचं नव्हे. आमचं. एकोणिसाव्या शतकात तारवाले एकमेकांना तारेवरून ७३ करायचे." मी एकदा या सगळ्याला खेळ म्हणालो, तर म्हातारा उसळलाच. "खेळ? प्रोफेसर, २००४च्या डिसेंबरात भारती प्रसाद नावाच्या बाई यंत्र घेऊन अंदमानात गेल्या होत्या. जगभरच्या हॅमना अंदमानची ओ मिळावी, एवढीच हौस. २६ तारखेला त्सुनामी आली, टेलिफोन बंद पडले, आणि माणसांचे ठावठिकाणे त्याच हौसेच्या यंत्रावरून मुख्य भूमीला कळले. सराव म्हणा याला."

पण मग सराव घरी बसून का नाही? डोंगरच कशाला? याचं उत्तर अण्णांनी मला त्यांच्या गच्चीवर नेऊन दिलं. हातात धरायच्या छोट्या यंत्रांची लहर बहुतेक सरळ रेषेत जाते, दिव्याच्या उजेडासारखी. दहा मीटर उंच गच्चीवरून क्षितिज जेमतेम ११ किलोमीटरांवर. ९०० मीटरांच्या माथ्यावरून तेच शंभराच्या पलीकडे. शिवाय खाली गोंगाट फार. आमच्या तालुक्यात भिवपुरीचं वीजघर, शेजारी खालापुरात खोपोलीचं. ते तर १९१५ सालापासूनचं. विजेच्या तारा, आगगाडीच्या तारा, घराघरांतले दिवे आणि चार्जर, सगळ्यांची कुरकुर अण्णांच्या यंत्रात उमटते. माथ्यावर ती नसते. तिथे पाच वॉटचं, म्हणजे रात्रीच्या बारक्या दिव्याएवढ्या ताकदीचं, बोलणंही पोचतं.

हे ऐकताना मला सभासदाची बखर आठवली. १६७० साली सिंहगड घेतला, तेव्हा मावळ्यांनी गडावरच्या पागांना आग लावून उजेड केला, आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला, असं तीत आहे. तीही सरळ रेषाच. गड आला हे त्या रात्रीच कळलं. तानाजी पडला हे कळायला दुसऱ्या दिवशी जासूद यावा लागला. उजेडात तेवढंच मावत होतं.

या पानावर मी बहुधा पुस्तकांविषयी लिहितो, आणि पुस्तकवाल्याने गुडघ्यांची परीक्षा पाहू नये हे मला कबूल आहे. तरी गेल्या डिसेंबरात मी हट्टाने चिरंजिवांबरोबर राजमाचीला गेलो. उल्हास ज्या दऱ्यांतून निघते त्यांच्या डोक्यावर हा गड. श्रीवर्धन आणि मनरंजन हे त्याचे दोन बालेकिल्ले. कोंदिवड्याहून निघालं की रानातून कोंडाणे लेणी लागतात. तिथे एका भग्न पुतळ्याजवळ ब्राह्मी अक्षरांत कोरलंय, की हे कण्हाचा शिष्य बलक याने केलं. दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस, आणि त्याचं हाकनाव तेवढं उरलंय! मी त्यावर चांगलं अर्धा तास बोलू शकलो असतो, पण चिरंजीव घड्याळ पाहत होते. पुढची चढण अंगावर येते. झाडी, घसारा, पुन्हा झाडी. मी दर पन्नास पावलांना निसर्गसौंदर्य पाहायला थांबत होतो. बापाचा दम लागलाय हे त्याला कळत होतं. तो काही न बोलता पुढे थांबायचा, आणि मी पोचलो की निघायचा. उधेवाडीत पाणी प्यायलो, श्रीवर्धनच्या माथ्यावर गेलो. त्याने काठी उभी केली, तार ताणली आणि हाक घालायला सुरुवात केली. वीस मिनिटं कोणीच ओ देईना. तेवढ्या वेळात त्याने शंभर वेळा तरी तीच हाक त्याच स्वरात घातली असेल. वर्गात मी तीनदा प्रश्न विचारून उत्तर आलं नाही तर चिडतो.

आता जानेवारीतल्या रविवारची हकीकत. त्या दिवशी तो एका मित्राबरोबर पुन्हा राजमाचीला गेला होता. मी नव्हतो, गुडघे अजून डिसेंबरातच होते. ठरलं होतं असं, की ११ वाजता माथ्यावरून तो हातयंत्रावर अण्णांना हाक घालील. मी अण्णांकडे जाऊन बसलो. ११ वाजले. साडेअकरा. बारा. यंत्र नुसतं फसफसत होतं. अण्णा अधूनमधून त्याचं हाकनाव उच्चारत होते आणि गप्प बसत होते. हिने दोनदा येऊन दारातूनच विचारलं, "आला का आवाज?" तिसऱ्यांदा ती आत येऊन बसली. फोन लावून पाहिला, रेंज नव्हती. इरसालवाडीवर दरड कोसळली ती जुलै २०२३ची रात्र इकडच्या कोणाच्या मनातून गेलेली नाही. कोरड्या जानेवारीत दरड कशाला येईल, हे मला कळत होतं. पण वाट पाहणाऱ्या माणसाचं डोकं ऋतू पाहत नाही.

पाऊण वाजून गेल्यावर अण्णांनी मोठं यंत्र लावलं आणि १४ मेगाहर्ट्झवर काटा फिरवायला लागले. एका ठिकाणी कोणी गृहस्थ इंग्रजीत बोलत होते. अण्णा थबकले. "कलकत्त्याचे आहेत," म्हणाले. आणि त्या गृहस्थांच्या तोंडून आमच्या मुलाचं हाकनाव आलं.

ते बोलायचे, मग थांबायचे. त्या थांबण्यात नुसती खरखर. मग पुन्हा ते: "समजलं. तुमच्या मित्राचा घोटा. हाड मोडलेलं नाही. समजलं." पुन्हा खरखर.

"तो बोलतोय," अण्णा म्हणाले, "आता, या क्षणी. आपल्याला ऐकू येत नाही एवढंच."

ही या लहरींची तऱ्हा. ती वर जाते, शेकडो किलोमीटर उंचीवरच्या विद्युत्भारित थरावरून परतते आणि लांब कुठेतरी उतरते. मधला मुलूख ती ओलांडून जाते. राजमाची आमच्यापासून सरळ रेषेत बारा-एक किलोमीटर. कलकत्ता सोळाशेच्या वर. कलकत्त्याच्या परक्या माणसाला माझा मुलगा ऐकू येत होता आणि मला नव्हता. आम्ही दोघं नवराबायको त्या खरखरीकडे कान लावून बसलो होतो. तो बोलत होता ती जागा तेवढी आमच्या वाट्याला आली होती.

अण्णांनी मध्ये हाक घातली. कलकत्तेकरांनी लगेच ओ दिली, आणि मग निरोप तिकडून फिरून येऊ लागले. उधेवाडीच्या अलीकडे मित्राचा पाय मुरगळला होता, त्या धांदलीत हातयंत्र दरीत गेलं होतं. गावकऱ्यांच्या मदतीने मित्राला वाडीत आणलं, फोन कोणाचाच लागेना, म्हणून हा एकटा मोठं यंत्र घेऊन माथ्यावर चढला होता. उद्या जीपने लोणावळ्याला उतरवणार होते.

"प्रोफेसर, काही सांगायचंय का त्याला?" अण्णांनी विचारलं.

ध्वनिक्षेपकावर मला बोलता येत नव्हतं, परवाना नाही. पण अण्णा बोलणार होते, आणि मी सांगायचं होतं. वीस वर्षं मराठी शिकवणाऱ्या माणसाला त्या वेळी एक वाक्य सुचेना. शेवटी म्हणालो, "जेवलास का, विचारा."

अण्णा नियमांचे पक्के. खाजगी निरोप त्यांना चालत नाहीत. अडचणीतल्या माणसाची गोष्ट वेगळी. त्यांनी क्षणभर हिच्याकडे पाहिलं आणि बटण दाबून गंभीरपणे इंग्रजीत म्हणाले, "स्टेशनच्या प्रकृतीची चौकशी आहे. आहार घेतला आहे काय?"

कलकत्त्याने प्रश्न पुढे पाठवला. खरखर झाली. ती थोडी लांबली. मग कलकत्ता म्हणालं, "होय. ते म्हणतात, पिठ... पिठोला आणि भाकरी. आणि ते म्हणतात, बाबांना सांगा, ते डिसेंबरात ज्या दगडावर बसले होते तिथेच मी बसलोय."

ही पदराने डोळे पुसत हसायला लागली. मी अण्णांना म्हटलं, ७३ सांगा.

मंगळवारी तो घरी आला. "यंत्र गेलं, बाबा," म्हणाला. मी म्हटलं, "जाऊ दे." एवढंच. हिला वाटत होतं की आता आम्ही दोघं खूप बोलू.

हॅम लोकांत रिवाज असा, की झालेल्या बोलण्याची पोच कार्डाने पाठवायची. गेल्या आठवड्यात, फराळाची भाजणी दळून आली त्याच दिवशी, कलकत्त्याचं कार्ड आलं. तारीख, लहर, आणि वेळ ग्रीनिचची, सकाळचे ७.३५, म्हणजे आमची दुपारची १.०५. चिरंजिवांच्या आवाजाला गुण ५-४ दिले होते. पाच नऊ नव्हेत. त्या माणसाने खरं तेच लिहिलं होतं. शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात एक प्रश्न होता: 'पिठोला म्हणजे काय?'

उलट कार्ड पाठवायचंय. रकाना बोटभर रुंदीचा. ही पिठल्याची कृती सांगते आहे, चिरंजीव लिहिताहेत आणि इंग्रजी माझ्याकडून तपासून घेताहेत. फोडणीपर्यंत आलो आणि जागा संपली.