गेल्या वर्षीचा पत्ता

उपग्रहाच्या प्रतिमेत किडीची चाहूल किती लवकर लागते, याचीच चढाओढ सध्या दूरसंवेदनात दिसते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाचा अनुभव पाहता आपण हा प्रश्न चुकीच्या टोकाने धरला आहे. १९९० च्या दशकात तिथे सुरू झालेल्या पाइन भुंगेऱ्याच्या उद्रेकाची झळ सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टरांना पोहोचली. उन्हाळ्यात भुंगेरे लॉजपोल पाइनच्या सालीखाली अंडी घालतात. त्यांच्यासोबत आलेली निळी बुरशी खोडातला पाण्याचा रस्ता अडवते. झाड मेल्यात जमा होते, पण शेंडा पुढच्या वसंतापर्यंत हिरवाच. सुया पुरत्या लाल व्हायला जवळपास वर्ष जाते, आणि तोवर नवी पिढी शेजारच्या झाडांकडे निघालेली असते. प्रतिमेतले लाल झाड म्हणजे भुंगेऱ्याचा गेल्या वर्षीचा पत्ता.

मग हे वरातीमागून घोडे झाले, असे कोणी म्हणेल. सेंटिनेल-२ उपग्रहांचे रेड-एज पट्टे (लाल आणि अवरक्त यांच्या सीमेवरचे) आणि पाच दिवसांची फेरी यांनी ही उणीव भरून निघेल, अशीही आशा आहे. लघुतरंग अवरक्त पट्ट्यात सुयांतले पाणी घटल्याचे कळते, हे खरेच. पण कोरड्या वर्षाने तहानलेले झाडही तसेच दिसते, आणि हिवाळ्यात डोंगराच्या उत्तर उतारावर बर्फ व लांब सावल्या असतात. नुसता पिक्सेल बारीक करून कारण कळत नाही.

जुना पत्ताही कामाचा असतो, कारण भुंगेरे बहुधा फार लांब जात नाहीत. (वाऱ्यावर स्वार होऊन २००६ मध्ये त्यांचे थवे रॉकी पर्वत ओलांडून अल्बर्टात उतरले, हा अपवाद विसरू नये.) लाल झाडाभोवती माणसे पाठवून साल तपासली, तर हिरवी पण पोखरलेली झाडे हाती लागतात आणि उन्हाळ्याआधी तोडून जाळता येतात. विमानातून नकाशे रेखाटणाऱ्या निरीक्षकाला कारण ओळखता येते, ही त्याची खरी ताकद. मात्र दोन निरीक्षकांनी आखलेल्या सीमा क्वचितच जुळतात. २००८ मध्ये खुल्या झालेल्या लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमासंग्रहात त्याच ३० मीटरच्या पिक्सेलचा दशकांचा इतिहास मिळतो. त्यातून तोड, वणवा आणि कीड वेगळी काढता येते, कारण पहिल्या दोन्हींत हिरवळीचा आलेख एका झटक्यात उतरतो, तर किडीत वर्षानुवर्षे हळूहळू. तरी एका पिक्सेलमधली दोन-तीन लाल झाडे त्यातही हरवतात, म्हणून उद्रेकाच्या काठावर हेलिकॉप्टर लागतेच. आमच्या नियतकालिकाकडे येणाऱ्या लेखांत अचूकतेच्या टक्क्यांसोबत हेही असावे: प्रतिमा आल्यापासून किती दिवसांत माणूस त्या झाडाशी पोहोचला, आणि साल सोलल्यावर त्याला काय दिसले.